चुंबकीय फीत आणि तिचा वाचक : सर्व्हरवरील माहितीच्या राखीव प्रतीसाठी यंत्रनिवडीचा इतिहास
(विशेष संदर्भ : चितेगाव–पैठण परिसर)

प्रस्तावना

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ चितेगाव लागते. पैठण तालुक्यातील या गावाचे नाव एके काळी देशभरातील भागधारकांच्या घरी पोहोचलेल्या कागदांवर छापलेले असे. कारण व्हिडिओकॉन समूहातील प्रमुख कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय याच पत्त्यावर होते. दूरचित्रवाणी संच आणि गृहोपयोगी उपकरणे यांमुळे मराठवाड्याच्या औद्योगिक नकाशावर आलेल्या या गावाने जून २०१८ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झालेलीही पाहिली.

प्रस्तुत लेख त्या कंपनीच्या उदयास्ताविषयी नाही. मात्र चितेगावचे उदाहरण एका वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधते. कंपनीची मालकी बदलते, यंत्रे विकली जातात, कर्मचारी विखुरतात. परंतु हिशेबाच्या पुस्तकांना कायद्याने त्याहून अधिक आयुष्य दिलेले आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपण्याची तरतूद होती आणि २०१३ च्या कायद्याच्या कलम १२८ मध्येही ती कायम राहिली. ही पुस्तके कागदावरून सर्व्हरवर गेल्यानंतर त्यांची राखीव प्रत कोणत्या माध्यमावर व कोणत्या यंत्राने घ्यावी, हा प्रश्न संगणक विभागातील तंत्रज्ञाच्या मेजावर येऊन पडला. यंत्राची क्षमता आणि किंमत पाहून तो बहुधा सोडवला गेला. वास्तविक, हा निर्णय घेताना ती प्रत पुढे कोण वाचू शकेल हेही ठरत असते. माध्यम टिकते आणि वाचणारा नाहीसा होतो, असा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही. त्या अनुभवाच्या आधारे चुंबकीय फितीच्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

अस्सल, नक्कल आणि वाचक

चितेगावचा रस्ता ज्या पैठणला जातो, तेथे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके ७१६ (इ.स. ७९४) चा आणि यादव राजा रामचंद्र याचा शके ११९३ (इ.स. १२७१) चा ताम्रपट सापडला. दानाची नोंद तांब्यावर कोरण्यामागील हेतू उघड आहे : राजवट गेली तरी दान टिकावे. राजवटी गेल्या, तांबे टिकले. तथापि त्यावरील लिपी सामान्य माणसाला अगम्य झाली आणि ती वाचण्यासाठी पुराभिलेखविद्येचा अभ्यासक आवश्यक ठरला.

मोडीची कथा अधिक जवळची आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल कागद म्हणून बऱ्याच अंशी सुस्थितीत राहिले. परंतु विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून गेली आणि ती सहज वाचणारी पिढीही गेली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा मोडी वाचणारे लोक उपलब्ध होते. आज राज्याच्या पुराभिलेख विभागाला मोडी लिपीचे प्रशिक्षणवर्ग चालवावे लागतात. कागद तोच आहे, वाचक नव्याने घडवावा लागतो. लिपीच्या बाबतीत हे निदान शक्य तरी आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र नवा वाचक घडवणे जवळजवळ अशक्य असते, हे पुढे दिसेल.

आणखी एक संदर्भ याच भूमीतील आहे. संत एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. नकलेवरून नक्कल होताना अपपाठ शिरतात आणि प्रत ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, हा विचार त्यामागे होता. आधुनिक सर्व्हरकक्षात ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश पडद्यावर पाहून समाधान मानणाऱ्यांच्या मनात तो क्वचितच येतो.

धातूच्या पट्टीपासून काडतुसापर्यंत

कागदी फितीवर चुंबकीय भुकटीचा थर देण्याची कल्पना जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये मांडली आणि १९३५ मध्ये एईजी कंपनीने ‘मॅग्नेटोफोन’ हे ध्वनिमुद्रणयंत्र सादर केले. संगणकासाठी फितीचा वापर १९५१ च्या युनिव्हॅकपासून सुरू झाला. ताम्रपटाच्या संदर्भात एक तपशील मुद्दाम नोंदवण्याजोगा आहे : युनिव्हॅकची फीत प्लास्टिकची नव्हती. निकेलचा मुलामा दिलेल्या फॉस्फर ब्राँझची, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची, ती अर्धा इंच रुंदीची पट्टी होती. धातू जड पडला आणि पुढच्याच वर्षी आयबीएमने आपल्या ७२६ या यंत्रात प्लास्टिकच्या फितीचा वापर केला. १९६४ च्या सिस्टिम ३६० बरोबर नऊ मार्गांची फीत आली आणि पुढील दोन दशके तीच सर्वमान्य ठरली. २४०० फुटांच्या एका रिळावर तिच्या अखेरच्या अवस्थेत दीडशे मेगाबाइटच्या आसपास माहिती मावे. आज ही क्षमता हास्यास्पद वाटेल. पण एका कंपनीच्या यंत्रावर लिहिलेले रीळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाचता येत असे. हा गुण नंतरच्या काळात दुर्मीळ झाला.

भारतात १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पहिला संगणक आला. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा आयात केलेला मोठा संगणक बसला. वातानुकूलित कक्ष, काचेची कपाटे, त्यांत ओळीने मांडलेली रिळे आणि त्यांची नोंदवही ठेवणारा कर्मचारी, असे संगणककेंद्राचे चित्र त्या काळात रूढ झाले. फितींची जपणूक हे तेव्हा स्वतंत्र काम होते व त्यासाठी स्वतंत्र माणूस होता. पुढे सर्व्हर लहान होऊन कारखान्याच्या एका खोलीत आला आणि यंत्राबरोबर हा माणूस मात्र आला नाही.

लहान सर्व्हरसाठी लहान फीत हवी होती. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८४ मध्ये टीके५० हे काडतूस आणले. त्यातूनच डीएलटी ही मालिका विकसित झाली आणि १९९४ मध्ये ती क्वांटम कंपनीकडे गेली. दुसरीकडे सोनी व ह्युलेट-पॅकार्ड यांनी ध्वनिमुद्रणाच्या डॅट कॅसेटवरून १९८९ मध्ये डीडीएस हे स्वरूप सिद्ध केले. या दोहोंतील भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण २००० नंतरच्या निवडीचा सगळा वाद त्यावर आधारलेला होता. डीएलटीमध्ये फीत स्थिर शीर्षावरून सरळ धावते. डीडीएसमध्ये शीर्षे वेगाने फिरणाऱ्या तिरप्या पिंपावर बसवलेली असतात आणि फीत त्याभोवती गुंडाळली जाते. घरोघरच्या व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरमध्ये हीच रचना असे. तिच्यामुळे छोट्या कॅसेटवर पुष्कळ माहिती मावते आणि यंत्रही स्वस्त पडते. मात्र पिंपाची जुळणी किंचित बिघडली तरी यंत्र आपलीच तिरपी रेघ ओढत राहते व आपणच ती वाचत राहते. कोणालाही दोष दिसत नाही. पुढे यंत्र निकामी होते, नवे आणले जाते आणि जुन्या कॅसेटी त्यात वाचल्या जात नाहीत, तेव्हा तो दिसतो. स्वतः लिहिलेले फक्त स्वतःच वाचू शकणारा कारकून दफ्तरात नेमावा, तसा हा प्रकार होता.

२००० नंतरचे दशक : कारखान्यासमोरील पर्याय

चितेगाव, वाळूज, चिकलठाणा या पट्ट्यातील मध्यम आकाराच्या एखाद्या कारखान्याची स्थिती कल्पिली, तर या दशकातील निवड कशी अवघड होती हे स्पष्ट होते. सर्व्हरवर हिशेब, भांडार, वेतन व आराखडे मिळून २०० गीगाबाइट माहिती आहे आणि रात्रपाळीच्या मर्यादित अवधीत तिची संपूर्ण प्रत घ्यावयाची आहे, असे समजू. १९९९ च्या डीडीएस-४ कॅसेटची मूळ क्षमता २० गीगाबाइट आणि वेग सेकंदाला सुमारे ३ मेगाबाइट. म्हणजे दहा कॅसेटी आणि साडेअठरा तास. शिवाय मध्यरात्री कॅसेट बदलण्यासाठी जागा राहणारा माणूस. डीएलटी ८००० वर ४० गीगाबाइटची पाच काडतुसे व नऊ तासांहून थोडा अधिक वेळ. हेच काम २००३ च्या सुमारास आलेल्या एलटीओ-२ वर एका काडतुसात आणि, वेग सेकंदाला ३० मेगाबाइट मिळाला तर, दोन तासांच्या आत होई.

विक्रेत्याच्या पत्रकात मात्र हे आकडे दुप्पट छापलेले असत. माहिती आकुंचित करून निम्म्या जागेत बसेल, हे गृहीतक त्यात दडलेले होते. हिशेबाच्या सारण्यांबाबत ते पुष्कळदा खरे ठरते. आधीच आकुंचित असलेली छायाचित्रे, चित्रफिती अथवा झिप धारिका असतील तर दुप्पट क्षमता कागदावरच राहते. पत्रकातील मोठा आकडा वाचून खरेदी करणाऱ्याला हा फरक पहिल्या महिन्याअखेरीस कळे.

वेगाच्या बाबतीतील गफलत याहून सूक्ष्म होती. वेगवान यंत्र घेतले म्हणजे काम लवकर होते, हा समज स्वाभाविक आहे. त्या काळी अनेक कार्यालयांत १०० मेगाबिटचे जाळे होते व त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला १० ते १२ मेगाबाइटच माहिती वाहू शके. सेकंदाला ३० मेगाबाइट मागणाऱ्या यंत्राला एवढाच पुरवठा झाला की फीत थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते आणि लिहू लागते. तंत्रज्ञ या हालचालीला बूट पुसण्याची उपमा देतात. तिने वेळ तर वाया जातोच, शिवाय फीत व शीर्ष दोन्ही झिजतात. एलटीओ यंत्रांत पुरवठ्यानुसार वेग कमी करण्याची सोय काही मर्यादेपर्यंत होती. त्या मर्यादेखाली तीही निरुपयोगी ठरे. म्हणून अशा कारखान्याने यंत्र थेट सर्व्हरला जोडावे अथवा माहिती आधी स्वतंत्र चकतीवर घेऊन मग फितीवर उतरवावी, हाच व्यवहार्य मार्ग होता. महागडे यंत्र धिम्या जाळ्याच्या टोकाला बसवणे हा त्या दशकातील खरेदीचा बहुधा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

हवामानाचा विचार तर पत्रकात नसेच. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, हवेत धूळ असते आणि त्या दशकात भारनियमनामुळे वातानुकूलन खंडित होई. फितीच्या दीर्घकालीन साठवणीसाठी साधारण १६ ते २५ अंश तापमान व ५० टक्क्यांखालील आर्द्रता सांगितली जाते. कोरडी हवा या भागाच्या पथ्यावर पडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फितीवरील बंधक द्रव्य ओलावा शोषून चिकट होण्याचा धोका अधिक. उलट धूळ आणि उष्णता यांबाबत चितेगावची खोली मुंबईच्या खोलीपेक्षा वाईट. शीर्ष स्वच्छ करणारे काडतूस वेळेवर वापरणे आणि थंड खोलीतून आणलेली फीत काही तास खोलीच्या तापमानाला येऊ देणे, या साध्या गोष्टींवर यंत्राचे आयुष्य अवलंबून होते.

प्रत कोठे ठेवावी हा प्रश्नही यंत्रनिवडीशी निगडित आहे, कारण जे माध्यम सहज उचलून नेता येते तेच दुसऱ्या गावी ठेवता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या तेव्हा एकाच छताखाली असलेले सारे एकाच वेळी गाडले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. सर्व्हरच्या शेजारच्या कपाटात ठेवलेली प्रत ही अशा प्रसंगी प्रत राहतच नाही. चितेगावच्या कारखान्याने आठवड्याची एक फीत शहरातील कार्यालयात वा बँकेच्या लॉकरमध्ये पाठवणे, एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होत होता.

कोणते स्वरूप टिकले?

२००० साली ह्युलेट-पॅकार्ड, आयबीएम व सीगेट यांनी संयुक्तपणे एलटीओचे पहिले यंत्र बाजारात आणले. एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसलेले खुले स्वरूप, असा त्यांचा दावा होता. समोर क्वांटमचे सुपर डीएलटी आणि सोनीचे एआयटी हे प्रतिस्पर्धी होते व तांत्रिक दृष्ट्या कोणतेच टाकाऊ नव्हते. २००२ साली ज्याने सुपर डीएलटी घेतले, त्याने चूक केली असे त्या वेळच्या माहितीवरून म्हणता येत नाही. डीएलटी हे तेव्हा मध्यम सर्व्हरांचे जुने, विश्वासाचे नाव होते. परंतु २००५ मध्ये क्वांटमने सीगेटच्या फीतव्यवसायातून निघालेली सर्टन्स कंपनी घेतली, म्हणजे ती स्वतःच एलटीओच्या गोटात आली आणि २००७ मध्ये तिने डीएलटीचा पुढील विकास सोडून दिला. पुढे सोनीचे एआयटी आणि डॅट-डीडीएसही इतिहासजमा झाले.

विजयी ठरलेल्या एलटीओनेही वाचनाची हमी मर्यादितच दिली होती. प्रत्येक पिढीचे यंत्र मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचेल, एवढाच करार. २००४ मध्ये लिहिलेली एलटीओ-२ ची फीत २००७ च्या एलटीओ-४ यंत्रात वाचता येई, २०१० च्या एलटीओ-५ मध्ये नाही. निर्माते फितीला अनुकूल स्थितीत तीस वर्षांचे आयुष्य सांगतात. तिला वाचणारे नवे यंत्र बाजारात मिळण्याचा काळ त्यापेक्षा कितीतरी लहान आहे. आठ वर्षे हिशेब जपावयाचे असतील तर दोनच मार्ग उरतात : जुने यंत्र चालू स्थितीत जपणे किंवा दर काही वर्षांनी जुन्या फिती नव्यावर उतरवणे. खरेदीच्या अंदाजपत्रकात या दोहोंपैकी एकाचाही खर्च धरला जात नसे.

जुने यंत्र जपण्याचे महत्त्व नासाच्या एका उदाहरणाने ठळक होते. १९६६-६७ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेल्या चंद्राच्या छायाचित्रांच्या मूळ फिती सुरक्षित होत्या, परंतु त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची एफआर-९०० यंत्रे जवळजवळ नामशेष झाली होती. अभिलेख सांभाळणाऱ्या नॅन्सी इव्हान्स यांनी अशी काही मोडकी यंत्रे आपल्या घराच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे ठेवली, म्हणून २००८ मध्ये ती दुरुस्त करून ती चित्रे मूळ स्पष्टतेने मिळवता आली. अपोलो ११ च्या मूळ दूरमापन फितींचे भाग्य असे नव्हते. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. पहिल्या प्रसंगी वाचक वाचला, दुसऱ्यात प्रतच गेली.

फितीचे पुनरागमन

स्वस्त चकत्या व दूरस्थ साठवण यांमुळे फीत कालबाह्य झाली, हे मत २०१० च्या आसपास सर्वत्र ऐकू येत होते आणि चितेगावसारख्या ठिकाणच्या व्यवस्थापकाला ते पटणे साहजिक होते. त्यात तथ्यही आहे. अल्प माहिती असलेल्या संस्थेला यंत्राची भारी किंमत परवडत नाही. फीत स्वस्त आणि यंत्र महाग, या गणितामुळे माहिती पुष्कळ असेल तेव्हाच तिचा लाभ होतो. तथापि फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेल सेवेत एका सदोष बदलामुळे काही वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली. अनेक केंद्रांत ठेवलेल्या प्रतींवरही त्या दोषाचा परिणाम झाला होता. शेवटी पत्रे परत आणली गेली ती फितींवरून.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीची संगणकव्यवस्था कोलमडली आणि न्हावा-शेवा येथील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. सर्व डोमेन कंट्रोलर एकमेकांशी जोडलेले असल्याने ते एकत्रच नष्ट झाले. ‘वायर्ड’ने २०१८ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार एकच प्रत वाचली, ती घानामधील कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. भारनियमनाने एखाद्या जागतिक कंपनीला वाचवावे, हे मराठवाड्यातील वाचकाला चमत्कारिक वाटेल. परंतु फितीचा मुख्य गुण हाच आहे : यंत्रातून काढून कपाटात ठेवलेल्या काडतुसाला कोणतीही तार जोडलेली नसते.

कायद्यानेही अपेक्षा वाढवली. २०१४ च्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर ठराविक काळाने ठेवणे बंधनकारक झाले आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने ‘ठराविक काळाने’ याची जागा ‘दररोज’ने घेतली. रोजची प्रत सर्व्हरवर आणि तिची स्वतंत्र नक्कल फितीवर, अशी दुहेरी व्यवस्था त्यामुळे सयुक्तिक ठरते.

मात्र बाजार आता फार अरुंद झाला आहे. एलटीओच्या फिती बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या दोनच उरल्या, सोनी व फुजिफिल्म. त्यांच्यातील पेटंटचा वाद ऑगस्ट २०१९ मध्ये मिटेपर्यंत एलटीओ-८ च्या फितींचा तुटवडा होता. यंत्र घेतलेल्यांना फीत मिळत नव्हती. मागील दोन पिढ्या वाचण्याचा करारही २०१७ च्या एलटीओ-८ पासून एका पिढीवर आला. २०२५ मध्ये ३० टेराबाइट क्षमतेचे एलटीओ-१० आले, ते एलटीओ-९ ची फीतसुद्धा वाचत नाही. २०२१ नंतर एलटीओ-९ घेतलेल्या कारखान्याच्या हिशेबाची आठ वर्षे अद्याप पूर्ण व्हायची आहेत. त्याने नवे यंत्र घेतले तरी जुने भंगारात देता येणार नाही. ते पुसून, झाकून, जोडणीच्या तारांसह आणि ते चालवणाऱ्या आज्ञावलीच्या प्रतीसह त्याच खोलीत ठेवावे लागेल आणि दर काही महिन्यांनी त्यात एक जुनी फीत घालून ती वाचली जाते की नाही, हे पाहावे लागेल.